फळ्याकडे पाठ करणारी इंदू

इंदू,

तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि मला ते ऐकवेना. मोठे गुरुजी बोलले, सरपंच बोलले, तुझ्या हाताखालून गेलेली एक पोरगी तर बोलता बोलता रडायलाच लागली. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. कोणीतरी म्हणालं, वत्सलाबाई, तुम्ही त्यांच्या अमरावतीपासूनच्या मैत्रीण, दोन शब्द बोला. मी म्हटलं, माझा घसा बसला आहे. घसा चांगला खणखणीत होता. पण जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं. मला म्हणायचं होतं की मी या बाईवर वर्षानुवर्षं जळत आले, आणि ही गेली तरी माझं जळणं काही थांबलेलं नाही.

तुला यात नवीन काही नाही. तुला ते माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. मधल्या सुट्टीत समोरासमोर बसून आपण भाकर खाल्ली, एकमेकींच्या डब्यातला ठेचा घेतला, साऱ्या जगावर बोललो, आणि तेवढं एक सोडून दिलं. आता तू नाहीस तर मला तोंड फुटलं आहे. असू दे. माझं असंच असतं.

अमरावतीला मास्तरणींच्या नॉर्मल स्कूलमध्ये आपण एका खोलीत राहत होतो तेव्हा मी तुझ्यावर जळत नव्हते, हे आधी सांगून टाकते. तेव्हा जळण्यासारखं तुझ्याजवळ होतंच काय? सराव पाठाला मी उभी राहिले की माझं फळ्यावरचं अक्षर पाहायला शेजारच्या तुकडीतल्या मुली दारात यायच्या. रेघ न आखता माझी ओळ सरळ. लिहिता लिहिता बोलायची, बोलता बोलता लिहायची, ना हात थांबे ना तोंड. आणि तू? तू फळ्याकडे पाठ करून, अर्धी वळून, हात मागे नेऊन खरडायचीस. तुझी ओळ डाव्या कोपऱ्यातून निघायची ती चढत चढत छताकडे जायची. शिवाय लिहिताना तू अगदी मुकी. लिहून झालं की खडू खाली ठेवायचीस, पोरांकडे पुरतं तोंड करायचीस आणि मग बोलायचीस. पाठ बघायला बसलेल्या बाई तुला म्हणाल्या होत्या, तुमचा निम्मा तास गप्प बसण्यात जातो. तुझे गुण कापले गेले. मी खोलीवर तुझं मनगट धरून तुला वळण शिकवायला बसले, तर तू हसलीस आणि म्हणालीस, "तू लिही वं सुंदर. मले समोरचे पोट्टे दिसले पायजेत." मला वाटलं, जमत नाही म्हणून बहाणा करते आहे.

मग तू तिवशाकडे नोकरीवर गेलीस आणि मी लग्न होऊन हिवरखेडच्या बाजूला या गावात आले. इथल्याच शाळेत मला जागा मिळाली. मधल्या वर्षांत तुम्ही लोक बौद्ध झालात, माझी कुसुम झाली, आणि एका उन्हाळ्यानंतर तुझी बदली नेमकी आमच्या गावात झाली. मी स्वतः तुला मोटरीवर घ्यायला आले होते. तुझी ट्रंक दिराच्या बैलगाडीत टाकली. मला मनापासून आनंद झाला होता. तोही माझ्या नावावर लिहून ठेव.

आपल्या दोन वर्गांमधली भिंत माणसाच्या उंचीची, वर सगळं मोकळं. त्या भिंतीनेच माझा घात केला. तुझ्या वर्गातलं हसू माझ्या वर्गात यायचं. तुझ्या वर्गातला गोंधळ यायचा, आणि मग एकदम शांतता यायची, जी माझ्या वर्गात छडी दाखवल्याशिवाय कधी आली नाही. तू आल्या आल्या पहिलं काम काय केलंस, तर पोरांच्या बसायच्या टाटपट्ट्यांच्या रांगा मोडल्यास. हुशार पोरं पुढे आणि ढ पोरं मागे दारापाशी, ही आपल्याकडची जुनी पद्धत. तू पट्ट्या तीन भिंतींना लावून टाकल्यास आणि मधली जागा रिकामी ठेवलीस. जो बोलेल त्याने उभं राहायचं आणि त्याचं तोंड सगळ्यांना दिसलं पाहिजे, हा तुझ्या वर्गाचा एकमेव कायदा. गावातली एक बाई भांडायला आली, माझी पोरगी कोणाच्या शेजारी बसवली म्हणून. ती कशासाठी आली आहे हे तुलाही कळलं आणि मलाही. तू म्हणालीस, "जागा रोज बदलते, बाई. आज याच्या शेजारी, उद्या त्याच्या. तुमच्या पोरीले सगळ्यांचीच ओळख होईन." ती बडबडत गेली. भिंतीवरून ऐकताना मला बरंही वाटलं आणि असंही वाटलं, की हे आपल्याला का सुचलं नाही.

आणि तो पाय वाळलेला पोरगा. तो माझ्या वर्गात दोन वर्षं होता. खेळाच्या तासाला मी त्याला झाडाखाली बसवून सगळ्यांच्या चपला राखायला द्यायची. मला वाटायचं मी त्याला सांभाळते आहे. तू त्याला लंगडीत घातलंस. लंगडीत धरायला जाणारा कोणीही असो, एकाच पायावर, आणि त्याचा तो एक पाय बैलासारखा मजबूत. त्याने समोरचे सगळेच्या सगळे गडी बाद केले. मी शाळेच्या पायरीवरून पाहत होते. बाकीच्या पोरांनी आरडाओरडा केला, तू टाळ्या वाजवल्यास आणि मी उठून आत गेले. तुला वाटलं असेल मला कामं होती.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते आजही मिटलेलं नाही. मी म्हणायची, माझ्या वर्गात सगळे सारखे. पाटलाच्या पोराला जो धडा तोच सालदाराच्या पोराला, तोच आवाज, तीच छडी, तेच गुण. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. आपल्या गावात एवढं करणंसुद्धा सोपं नव्हतं, इंदू. पहिल्या वर्षी मला पाटलाच्या घरून निरोप आले होते, मी ऐकले नाहीत. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालीस, "तू देतं सारखंच, वत्सला. मी कुठी नाई म्हणते? पण पोचते का सारखं?" मी म्हटलं, पोचवणं माझं काम, घेणं त्यांचं. तू म्हणालीस, "मंग तुहं काम अर्धंच झालं." मला इतका राग आला की मी डबा बंद केला. अंबाडीची भाजी होती, तुला आवडायची, ती तशीच घरी नेली.

आता कुसुमचं. सगळं तिच्याशीच येऊन थांबतं.

कुसुम माझ्याच वर्गात दुसरीत होती. आईच्याच वर्गात लेक, म्हणजे गावाच्या जिभेला काम. कोणी म्हणू नये की बाई आपल्या पोरीला पुढे बसवते, तिला आधी विचारते, तिला गुण वाढवून देते. म्हणून मी तिला सगळ्यात मागे, दारापाशी बसवलं. मला ते फार न्यायाचं वाटलं होतं. आणि कुसी शिकेना. शुद्धलेखन सांगितलं की चार शब्द बरोबर आणि मग भलतंच. प्रश्न विचारला की शेजारणीकडे बघायची. मी समजायची, आईचा वर्ग आहे म्हणून लाडावली आहे. घरी गेल्यावर मी तिला समोर घेऊन तोच धडा घ्यायची, आणि घरी तिला सगळं यायचं. मग तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येतं आणि शाळेत येत नाही, म्हणजे मुद्दाम करते, दुसरं काय?

एक दिवस तू खडू मागायला माझ्या दारात आलीस. मी फळ्यावर लिहीत होते आणि लिहिता लिहिता सांगत होते, माझी ती जुनी पद्धत. तू खडू घेतलास, पण गेली नाहीस. दारात उभी राहून वर्गाकडे पाहत राहिलीस. मला वाटलं माझं अक्षर पाहते आहेस, म्हणून मी अजून ठासून लिहिलं.

शाळा सुटल्यावर तू मला थांबवलंस. "वत्सला, तुह्या कुसीले नीट आयकू येते का वं?"

मी म्हटलं, "कावून? माह्या पोटची पोरगी आहे. मले मालूम नाई का? घरी हाक मारली तर धावत येते."

तू म्हणालीस, "तुमच्या घरी हाक मारली तर हिवरखेडले आयकू जाते."

ते खोटं नव्हतं. माझ्या सासरी कोणाला हळू बोलता येत नाही. सासरे दिवसभर वावरात बैलांवर ओरडून घरी आले की बायकोशीही त्याच आवाजात बोलायचे. पाणी मागितलं तरी वाटायचं भांडण पेटलं. त्या घरात एखादं लेकरू कमी ऐकतं हे कळावं तरी कसं? पण तेव्हा मी हसले नाही. मी म्हटलं, तुला प्रत्येक पोरात काहीतरी खोट काढायची सवय लागली आहे.

तू वाद घातला नाहीस. कुसी अंगणात कडुलिंबाखाली सागरगोटे खेळत होती. तू तिच्या मागे जाऊन उभी राहिलीस आणि नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "कुसुम, गूळ खाशीन का?" कुसीने गोटा वर उडवला आणि झेलला. तू पुन्हा म्हणालीस. तिने दुसरा गोटा उडवला. मग तू फिरून तिच्यासमोर जाऊन बसलीस, तिने वर पाहिलं, आणि तू तेच विचारलंस, पण बिनआवाजाने. फक्त ओठ हलवलेस. मला काही ऐकू आलं नाही. माझी पोरगी म्हणाली, "हो. द्या."

तुझ्या पदराला गुळाचा खडा बांधलेला होता. म्हणजे तू तयारीने आली होतीस.

त्या क्षणी मला काय वाटलं ते ऐक. लोक समजतात आईला आधी दुःख झालं असेल. दुःख नंतर झालं. आधी मला मत्सर वाटला. माझ्या पोटची पोरगी, मी तिला न्हाऊ घातलं, तिच्या कानात तेल घातलं, आणि तिचा कान तुला सापडला. मी रोज तिच्यापुढे घसा फोडून मरते आणि तुला तिच्याशी बोलायला आवाजसुद्धा लागत नाही.

मी तुला विचारलं, तुला कसं कळलं? तेव्हा तू सांगितलंस. नॉर्मलच्या खोलीत इतके दिवस एकत्र राहिलो, तेव्हा नाही सांगितलंस. "ते माह्यासारखी पायते," म्हणालीस, "तोंडाकडे." तुमच्या गावी तुम्हा पोरांना वर्गाच्या आत बसू देत नव्हते, ओसरीवर बसवायचे. मास्तर आत. त्यांचा आवाज ओसरीपर्यंत धड पोचायचा नाही, म्हणून तू दारातून त्यांच्या तोंडाकडे बघून शब्द लावायला शिकलीस. मास्तर फळ्याकडे वळले की तुमचा धडा बंद. "ते लिहत लिहत बोलत, आन् आमी त्यायच्या पाठीकडे पाहत बसो," असं तू अगदी साधेपणाने म्हणालीस, जसं कोणी सांगावं की आमच्या गावाला नदी नव्हती. मी त्या वयात दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या एका शाळेत, आत पहिल्या रांगेत बसत होते. ओसरीवर कोण बसतं हे मी मान वळवून कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे तुझ्याजवळ जे होतं ते मला कुठून मिळणार होतं? पण म्हणून ते हवंसं वाटायचं थांबलं नाही.

अकोल्याला तू बरोबर आलीस. डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं. लहानपणी तिचे कान वाहायचे, आम्ही तेल कोमट करून घालायचो, सगळेच घालतात. ते म्हणाले, एक कान गेल्यात जमा आहे, दुसऱ्याने थोडंफार येतं, आता औषधाने फिरून यायचं नाही. परतीच्या मोटरीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, कुसीला दिसू नये म्हणून. तू माझ्या खांद्याला धरून मला वळवलंस आणि म्हणालीस, "तिच्यापासून तोंड लपवू नको. तिले तेवढंच तर आयकू येते." मला तुझा रागच आला. माझ्या रडण्यातही तू मला शिकवत होतीस.

पुढच्या वर्षी कुसी तुझ्या वर्गात गेली. मी तुला म्हटलं, तिला तुझ्या टेबलापाशी, एकटीला जवळ बसव. तू म्हणालीस, "वेगळी जागा नको. वेगळ्या जागेत म्या बसून पायलं." आणि तिला सगळ्यांत बसवलंस, रोज जागा बदलणाऱ्यांत. फक्त कायद्याला एक खूण जोडलीस. बोलणाऱ्याचं तोंड दिसेनासं झालं की ज्याला दिसत नाही त्याने हनुवटीखाली बोट लावायचं, म्हणजे बोलणाऱ्याने मान वर करायची. पाहता पाहता सगळा वर्ग ते करायला लागला. ज्यांचे कान चांगले तेही. वेचणीच्या दिवसांत कापसाला जाऊन परत आलेली, चार धडे चुकलेली पोरंही बोट लावायची, म्हणजे मला समजलं नाही, पुन्हा सांगा. मागे बसून गप्प राहण्याची सोयच तू ठेवली नाहीस.

दिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा हात मागे बांधून, खिडकीकडे बघत प्रश्न विचारायला लागले, आणि तुझ्या सगळ्या वर्गाने हनुवटीला बोटं लावली. त्यांना वाटलं पोरं वेडावतात. तू उठून त्यांना समजावलंस. ते वळले, मान वर करून त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर माझ्या कुसीने दिलं. स्पष्ट, पूर्ण वाक्यात. मी भिंतीच्या अलीकडे खडू हातात धरून उभी होते. माझ्या वर्गात तिने एक वर्ष काढलं आणि एक वाक्य पुरं केलं नव्हतं. मग साहेब माझ्या वर्गात आले, फळ्याकडे पाहून म्हणाले, "वा, अक्षर सुंदर आहे." तेवढंच.

त्यानंतर घरात 'बाई म्हणतात' सुरू झालं. बाई म्हणतात असं बस. बाई म्हणतात दिवा तोंडापुढे ठेवून बोलावं, मागे ठेवला तर तोंड काळं दिसतं. अग, मी पण बाईच आहे, मला पण सरकार पगार देतं. पण माझ्या घरात 'बाई' म्हणजे तू. शाळा सुटली की ती तुझ्या खोलीवर. तिथे जेवायची, तिथे अभ्यास, तिथे तुमचं ते बिनआवाजाचं बोलणं चालायचं आणि खिदळणं. सासूबाईंनी नाक मुरडलं, पोरगी कोणाकडे जेवते म्हणून. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण सोयीचं होतं. मी कुसीला सांगितलं, आजीला चालत नाही, जेवायला घरी ये. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मला सरळ विचारलंस, "तुही सासू म्हणते, का तू म्हणतं?" मी म्हटलं, सासू. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. तुला तोंड वाचता येत होतं, तुझ्यापुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. पण तू नुसता डबा माझ्यापुढे सरकवलास. मी खाल्लं. त्या भांडणाचा निकाल तू माझ्यावर सोडून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस.

कुसी मोठी झाली तेव्हा तिने पहिल्यांदा तुला सांगितलं. तूच घरी येऊन मला बाजूला घेऊन म्हणालीस, "रागावू नको. शाळेतच झालं, मी जवळ होती." शाळेत मीही होते, इंदू. अर्ध्या भिंतीपलीकडे.

आता ती हिवरखेडला हायस्कुलात जाते. तिथले एक सर फळ्याशी बोलतात. ही उभी राहिली आणि म्हणाली, सर, तोंड इकडे करून सांगा. सर चिडले म्हणे, पण वळले. हे तिने मला हसत सांगितलं, आणि मी तिच्या हसण्याकडे पाहत राहिले. माझ्या हाताखाली ती राहिली असती तर दारापाशी बसून सगळ्यांना सारखं मिळालेलं माझं शिक्षण घेत आज घरी बसली असती. हे मला कळतं. तुझे उपकार मी नाकारत नाही. पण उपकार झाले म्हणून पोटात दुखायचं थांबतं, असं कोणी सांगितलं? मीही आताशा खडू खाली ठेवून, वळून बोलते. पण ते तुझं पाहून नाही. मान दुखते म्हणून.

अकोल्याच्या दवाखान्यात मी कुसीला घेऊन तुला भेटायला आले ती शेवटची भेट. तुझा आवाज गेलेला होता. आजाराने तुला चिपाडासारखं केलं होतं, पण आम्हाला पाहून डोळे हसले. तू ओठ हलवलेस. मला काही कळेना. मी कान तुझ्या तोंडाशी नेला तर नुसता श्वास. कुसीने मला हळूच बाजूला केलं, तुझ्या समोर बसली आणि तुमचं बोलणं सुरू झालं. तू ओठ हलवायचीस, ती मान डोलवायची, उत्तर द्यायची. मी पायथ्याशी मोसंबी हातात धरून उभी. मध्येच तू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालीस आणि कुसी फस्सकन हसली. तूही हसलीस, हसताना तुला खोकला आला. मी विचारलं, काय म्हणाल्या बाई? कुसी म्हणाली, काही नाही. मोटरीत विचारलं. आमचं आहे, म्हणाली. घरी आल्यावर पुन्हा विचारलं, तर उठून पाणी भरायला गेली. मरणाच्या दारात पडलेल्या बाईचा हेवा करणारी मी एकटीच असेन. पण माझ्याच पोरीच्या आणि माझ्याच मैत्रिणीच्या मध्ये मी ठोंब्यासारखी उभी होते, आणि तुमच्या दोघींत शेवटचं बोलणं झालं ते माझ्याबद्दल होतं, एवढंच मला कळलं होतं.

तू गेल्याची बातमी दुपारच्या मोटरीने आली. मोठे गुरुजी दारात येऊन सांगून गेले. मी चुलीपाशी भाकरी टाकत होते, कुसी माझ्या मागे बसून डाळ निवडत होती. गुरुजी अंगणातूनच बोलले होते, तिला काही कळलं नव्हतं. मी तव्यावरची भाकर उलटली आणि चुलीकडे बघतच म्हटलं, "कुसे, बाई गेल्या."

मागे काही हललं नाही. सुपातली डाळ तशीच वाजत राहिली. रडणं नाही, काही नाही. आणि इंदू, तुला सांगते, माझ्या मनात काय आलं. माझ्या मनात आलं, बघ, हिला एवढं काही वाटलं नाही. शेवटी ती तिची मास्तरीणच होती. तव्यावरची भाकर फुगत होती आणि मला चक्क बरं वाटत होतं.

मग माझ्या लक्षात आलं. मी चुलीशी बोलले होते.

एवढी वर्षं झाली, तू घसा कोरडा केलास, मी स्वतः मान दुखते म्हणत वर्गात वळायला शिकले, आणि घरात, नेमक्या त्या वेळी, मी तिच्याकडे पाठ केली होती. तू असतीस तर माझे खांदे धरून मला वळवलं असतंस. मी तवा उतरवला. हात पुसले. वळून तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने सुपातून मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी सांगितलं. या वेळी मला तिच्या तोंडावर सगळं बघावं लागलं. ती माझ्यासाठी कधी तशी रडेल असं मला वाटत नाही.

मी तिला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं असतं तर माझं तोंड तिला दिसलं नसतं. मी तशीच समोर बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती थांबली आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहायला लागली, पुढे काही आहे का म्हणून. माझ्याजवळ पुढचं काही नव्हतं. तुझ्याजवळ असतं. तेव्हा मी, का कोण जाणे, आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, दवाखान्यात बाई काय म्हणाल्या होत्या?

मग तिनेही बिनआवाजाने सांगितलं, आणि मला कळावं म्हणून दोनदा सांगितलं. "पाय, तुही माय कशी पाहून राहिली. घरी गेल्यावर मायच विचारीन तुले, बाई काय म्हणत होत्या. तिले सांगू नको."

एवढंच होतं तर. सुपापुढे बसून आम्ही दोघी रडत रडत हसलो. तुला सगळं माहीत होतं, मेले, शेवटच्या दिवसापर्यंत तू माझी मजा पाहत होतीस.

पण एक लक्षात ठेव, इंदू. तू सांगू नको म्हणालीस आणि तिने सांगितलं. तिने पहिल्यांदा तुझा शब्द मोडला, तो माझ्यासाठी.

तुझी,
वत्सला